न पुसलेलं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी
नोकरी, खुर्ची, खिडकी, सगळं झकास! माझ्या जागेवरचा आधीचा माणूस मागच्या महिन्यात अचानक वारला. त्याचंच मशीन मला मिळालं, घरीही आणतो. ही रोजनिशीही त्यावरच टाइप करतोय. बायको आणि लेक ठकी पंधरा तारखेला इकडे राहायला येतील. सहा वर्षांची ठकी माझ्याशिवाय जेवायला तयार नाही, बायको वैतागली आहे. टीम मात्र यथातथा. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे तीही दिसत नाही.

मंगळवार, ४
कर्नलमधला, म्हणजे मशीनच्या गाभ्यातल्या प्रणालीतला, मेमरी वाटणारा कोड वाचला. एका प्रोग्रामने सोडलेलं मेमरीचं पान दुसऱ्याला देण्याआधी ही मंडळी दरवेळी पुसून कोरं करतात. सगळा वेळ पुसापुशीत! मी त्या ओळी उडवल्या. कोड तपासणाऱ्या बाई निवृत्तीला आल्या आहेत, मी त्यांना मनात आजीबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, आधीच्याचं नव्याच्या हाती जाऊ देऊ नका. अक्कल पाजळायची हौस, दुसरं काय! साहेब वेगावर खूश. बदल माझ्या मशीनवर चढवला.

गुरुवार, ६
मशीन सुसाट. पण मंगळवारच्या नोंदीखाली मी न लिहिलेली एक ओळ आहे: 'मिनूच्या चपला लहान झाल्या.' आधीच्या माणसाची रोजनिशी दिसते, न पुसलेल्या पानातून आलेली. मिनू त्याची पोरगी असावी. मेला, पण पसारा आवरून गेला नाही.

शनिवार, ८
आज पानभर. मिनूचे दात, मिनूचा ताप, मिनूची कट्टी. भिकार लिहितो. तरी सगळं वाचून काढलं. पुढची ओळ काय असेल, ते मला आधीच कळत होतं.

सोमवार, १०
बायकोचा फोन. ठकीला दे म्हणायचं, तर तोंडातून आलं, मिनूला दे. ही कोण, तिने विचारलं. मी हसण्यावारी नेलं. घाबरलोय.

बुधवार, १२
पुसायच्या ओळी कोडमध्ये परत घातल्या. नाक मुठीत धरून आजीबाईंकडे गेलो — हो, मी. त्या म्हणाल्या, मशीन आता पुसेल हो, पण तुम्ही वाचलंत ते कोण पुसणार? ठकीचा पहिला दात कुठे पडला? आठवत नाही. मिनूचा सहलीच्या बसमध्ये —

शुक्रवार, १४
ठकीचा फोटो समोर ठेवलाय. ठकी. माझी ठकी. तिचा आवाज कसा —

शनिवार, १५
बेल वाजली. एक बाई, दोन बॅगा. एक पोर पायाला बिलगलं, बाबा बाबा करत. लोकांना पोरं सांभाळता येत नाहीत. ढकलून दार लावलं. अजून बडवतेय — भूक लागली म्हणे. मिनू उठेल ना! कुणाची ही भिकारडी कार्टी —