शोकेसमधली रिकामी जागा

रविवार, संध्याकाळ

मेहुण्याच्या नव्या शोकेसमध्ये दिवा लावलेला एक कप्पा रिकामा आहे. तिथे त्याला माझा दोन भिंगांचा जुना कॅमेरा हवाय! "दाजी, आता फिल्म कोण वापरून राह्यलं? इथं बराबर शोभंल." बायकोने परस्पर हो म्हटलेलं. कॅमेरा म्हणजे काय फुलदाणी आहे?

मी खिशातला रोल तिथेच गळ्यातल्या कॅमेऱ्यात भरला. त्याला त्याच रिकाम्या कप्प्यासमोर उभं केलं आणि वरून कॅमेऱ्यात डोकावलो. "हलू नको, बाराच फोटो निघतात." बिचारा श्वास रोखून उभा.

"दाखवा की, दाजी!"

"बारा संपल्यावर. त्याआधी रोल बाहेर काढता येत नाही."

आता स्वतःचाच फोटो आत आहे म्हटल्यावर कॅमेरा कसा मागेल? अकरा उरलेत. मला बिलकुल घाई नाही.