नववी मात्रा

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार

ती. रंगनाथकाका यांस नवनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता बरा असेल, काकूंचा खोकला घोटीच्या हवेने निवळला असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे संजना माझ्याशी बोलते, पण 'ताट वाढलंय' एवढंच. तुम्ही फोन उचलत नाही (सतरा वेळा केला, रेंजचा प्रश्न असणार, असं मी घरात सांगितलंय), म्हणून हे पत्र दिनेशच्या हाती देतो आहे. तो टेम्पो घेऊन तांदूळ आणायला तिकडे येतो. पोती भरून होईपर्यंत वाचून झालं तर फार बरं होईल.

संजनाच्या भजनी मंडळासमोर मी म्हणालो, की काकांची लय हल्ली पळते, वय झालं, आता पखवाज मी कॉम्प्युटरवर वाजवून दाखवतो. आणि तुम्ही पखवाजाला खोळ घालून, चहा अर्धा टाकून घोटीला निघून गेलात. ते वाक्य बारा बायकांनी ऐकलंय आणि एकही विसरायला तयार नाही. रविवारी दत्तमंदिरात स्पर्धा आहे. गुरुवारपर्यंत पखवाजाची सोय झाली नाही तर मंडळाचं नाव मागे घ्यायचं, असं संजनाने ठरवलंय. ओळीने तीन वर्षं नंबर काढलेलं मंडळ माझ्या तोंडामुळे घरी बसणार, या विचाराने मला घास उतरत नाही. (कालच्या वांग्याच्या भरताला मी नाही म्हणालो, यावरून काय ते समजा.)

तर मी लूप करायला घेतला. लूप म्हणजे ठेक्याचा एक तुकडा कापायचा आणि त्याचं शेपूट त्याच्याच तोंडात द्यायचं, म्हणजे तो न थांबता फिरत राहतो. माझ्या पेटीच्या सरावासाठी तुम्ही एकदा पाच मिनिटं भजनी ठेका मोबाईलवर भरून दिला होता, तोच घेतला. आता समेवर आल्याशिवाय थांबायचं नाही, ही तुमचीच शिकवण. म्हणून मी इमानदारीत समेपासून समेपर्यंत कापलं. पहिला 'धा' धरून आणि शेवटचा, म्हणजे पुढच्या फेरीचा, 'धा'ही धरून. शनिवारी तालमीला लावलं तर प्रत्येक फेरीला सम दोनदा. आठ मात्रांच्या नऊ झाल्या! बायका नवव्या मात्रेवर एकमेकींच्या अंगावर जाऊ लागल्या. सखुबाई मंडळात सगळ्यात वडीलधाऱ्या. त्या टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "नवनाथ, तुझा पखवाज लय चांगला हाय, पण दर वेळेला उंबऱ्याला ठेचाळतो."

शेवटचा 'धा' काढला, तर सांध्यावर 'टक्' असा आवाज येऊ लागला. तोही दोन तास घासून घालवला. आता सांधा शोधून सापडणार नाही, हे मी पेटीवर हात ठेवून सांगतो. फक्त चौथ्या मात्रेला तुम्ही घसा साफ केला आहे, तो दर फेरीला ऐकू येतो. (दोघीतिघींना त्याची सवय लागून त्याही आता चौथ्या मात्रेला खाकरतात.) शिवाय सखुबाई मनात आलं की ओळ लांबवतात. तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून सावरून घ्यायचात. लूप कोणाच्याही तोंडाकडे बघत नाही. सखुबाई मागे राहतात, तो आपला चालू.

असो. एकंदरीत प्रयोग यशस्वी म्हणायला हरकत नाही. रविवारी आपण पाहुणे म्हणून ऐकायला यावं. काकूंना नमस्कार.

आपला,
नवनाथ

ता. क. येताना पखवाज आणावा. पाहुण्याने आणू नये असा काही नियम नाही.

ता. क. २. प्रोग्राममध्ये ठेक्याखाली रेघा आखलेल्या दिसतात. तुमचं पहिलं आवर्तन आणि पाचव्या मिनिटाचं शेवटचं मी एकाखाली एक ठेवून पाहिलं. केसाचाही फरक नाही. मग त्याच ठेक्यावर माझी पेटी भरून पाहिली. चौथ्या आवर्तनातच मी पुढे. तीनदा भरली, तिन्ही वेळा मी पुढे. काका, पळत होतो तो मी. मी एकटा पडू नये म्हणून तुम्ही इतकी वर्षं माझ्यामागे लय ओढून आणत होतात, आणि कोणाला बोललाही नाहीत. मला फार लाज वाटते. काल तालमीत हे सांगायला हवं होतं, तोंड उघडलं नाही.

ता. क. ३. उद्या सांगणार आहे, त्याच बारा जणींसमोर. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. रविवारी पेटी संजना वाजवेल. मी सतरंजीवर मागे बसेन. दिनेशला टेम्पोतली पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलं आहे. रागाच्या भरात तिथे नुसता पखवाज ठेवून पाठवू नका.