मुका डबा

३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद पोचावेत, आणि त्यांच्याबरोबर ही तक्रारही.

पत्र लिहिण्यास कारण की, तू हौसेने पाठवलेला कम्प्युटर पाचव्या दिवशीच बंद पडला. दुकानाचा माणूस शनिवारी येऊन जोडून गेला. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, खिशाला कायम पेचकस लावलेला, म्हणून मी त्याला पेचकसच म्हणते. माणूस कामाचा वाटला, पण बोलतो असा की तोंडात घास आहे. हल्ली सगळेच असे बोलतात. त्याने बटण दाबलं, पडद्यावर हिरवं गवत आलं. मी म्हटलं, छान, एवढ्या गवतासाठी माझं शिवणाचं टेबल अडवलंत.

चार दिवस रोज लावून बघितला, गवत यायचं. काल बटण दाबलं तर पडदा काळाठिक्कर. तासभर समोर बसले, जसं काही पाहुणी म्हणून बोलावून कुणी दार उघडेना.

तू म्हणतेस रविवारी त्यात तुझं तोंड दिसेल, आवाज येईल, मी शेजारच्या फोनवर येत नाही म्हणून हा खटाटोप. अगं, तो फोन खरखरतो. वर शेजारीण पदर खोचून बाजूला उभी. पत्रात काय वाईट आहे? शिंप्याने काज-बटणाला दिलेले अठरा सदरे पडलेत, ते संपवते.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला तुला सवड कुठे आहे.

तुझी आजी


७ नोव्हेंबर

ती. आजीस भिंगरीचा साष्टांग नमस्कार, आणि आधी हे की घाबरू नकोस.

अगं, मी दिवसभर हेच तर करते. कानाला यंत्र लावून बसायचं आणि लोकांचे बंद कम्प्युटर न बघता, नुसते प्रश्न विचारून चालू करून द्यायचे. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की, डबा, म्हणजे कम्प्युटरचं मुख्य खोकं, पडला का असं विचारलं की गिऱ्हाईक हमखास खोटं बोलतं. अशा गिऱ्हाइकांची आम्ही एक वही ठेवली आहे, हसायला. तू काही गिऱ्हाईक नाहीस, तेव्हा खरंखरं सांग.

बटण दाबल्यावर पुढचा हिरवा दिवा लागतो का? मागे हात धरला तर वारा येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. डबा नीट असेल तर सुरू होताना एकदाच बारीक टूं करतो. आतली मेमरीची पट्टी सैल झाली असेल तर थांबून थांबून ओरडत राहतो, ते पाच मिनिटांचं काम. पण दिवा आहे, वारा आहे आणि आवाज अजिबातच नाही, तर मग मदरबोर्ड गेला असं धरायचं. तो म्हणजे आतली मुख्य पाटी, मोठं दुखणं. आणि हो, डबा कुणी हलवला का, आपटला का?

माया असू दे, टोमणेही असू देत.

तुझी भिंगरी


११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुढ्यात ठेवून परीक्षा दिली. आयुष्यातली दुसरी. पहिली तिसरीची, तीही अर्धी. दिवा लागतो. मागे वारा येतो, कोमट. आवाज नाही. टूं नाही आणि टां नाही. दहा वेळा दाबून बघितलं. मुका आहे. आणि मी कशाला हलवू त्याला? मला काय उद्योग नाहीत?

मध्येच शेजारीण दारात येऊन हातवारे करत काहीतरी सांगून गेली. मी हो हो म्हटलं. तिचं रोज काही ना काही असतंच.

एक सांगते, त्या पेचकसाने घाईत काम उरकलं असणार. चहासुद्धा अर्धा टाकून गेला. असा माणूस काय पेच आवळणार?

रागावू नकोस, आणि भेटायचं तर सुट्टी काढून ये, यंत्रातून नको.

तुझी आजी


१५ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

तू मुका म्हणतेस, म्हणजे मदरबोर्डच. मी दुकानाच्या मालकाला फोन करून फैलावर घेतलं. म्हटलं, एकट्या बाईला कचरा जोडून दिलात. तो म्हणाला, या माणसाची आठ वर्षांत एक तक्रार नाही. मी म्हटलं, माझी आजी खोटं बोलत नाही. मग नरमला. त्या माणसाकडून जोडणीचं काम काढून घेतलंय आणि त्याला गोदामात खोकी उचलायला लावलंय. सोमवारी तोच नवा बोर्ड घेऊन तुझ्याकडे येईल. चूक त्याची निघाली तर जोडणी कायमची गेली. जाऊ दे. तुला तासभर काळ्या पडद्यासमोर बसवलं त्याने.

आहेस तशी राहा, माझ्यावर अशीच ओरडत राहा.

तुझी भिंगरी


२० नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कम्प्युटर चालू झाला. पेचकस येऊन गेला. बोर्ड बदलावा लागला नाही. सदरे झाले. थंडी वाढली आहे. पत्र लहान आहे, कारण शाई संपत आली.

तुझी आजी


२४ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

शाई? आजी, तू जन्मभर पेन्सिलीने लिहीत आलीस.

मालकाने मला त्या माणसाने लिहून दिलेला कागद फोनवर वाचून दाखवला. मेमरीची पट्टी मी नीट बसवली नव्हती, चूक माझी, एवढंच त्यात आहे. त्याची जोडणी गेली, आता खोकीच उचलायची. ऐकताना मला आनंद व्हायला हवा होता. पण पट्टी पहिल्यापासून सैल होती तर डबा चार दिवस चालला कसा? आणि मग सैल झाली तर तो ओरडायला हवा होता, मुका राहिला कसा? माणसाच्या कामाचा प्रश्न आहे म्हणून विचारते. आजी, आवाज येत होता का?

काहीही असलं तरी माझी माया कमी होणार नाही, एवढं धरून उत्तर लिही.

तुझी भिंगरी


२९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद शेवटी ठेवते. आधी वाच, मग हवा असला तर घे.

येत होता. घरभर येत होता. मला येत नव्हता.

दोन वर्षं झाली. शिवणाचं मशीन चालतंय हे आता मला पायाला कळतं, कानाला नाही. शेजारच्या फोनमध्ये खरखर नव्हती. कुणाच्या तोंडात घास नव्हता. शेजारीण त्या दिवशी हेच सांगायला आली होती की तुमच्या घरात सकाळपासून काहीतरी कोकलतंय. आणि मी हो हो म्हटलं. म्हातारी बहिरी झाली की लोक तिच्या पुढ्यात बसून तिच्याबद्दलच बोलतात. माझ्या सासूचं बघितलंय मी. बोलणाऱ्यांत मीच पुढे होते.

डबा मीच हलवला. टेबल अडलं म्हणून उचलून खाली ठेवत होते, वीतभर राहिला तेव्हा हातातून सुटला. तुझ्या त्या वहीत मला पहिल्या पानावर घाल. आणि आता सांगतेच आहे तर हेही ऐक, तो बंद पडला तेव्हा मला बरं वाटलं. रविवारी तू बोलली असतीस, मी नुसती मान हलवली असती, आणि तुझ्या लगेच ध्यानात आलं असतं.

पेचकस आला तेव्हा दार उघडं आणि माझी पाठ. किती हाका मारल्या त्यालाच ठाऊक. समोर येऊन उभा राहिला तेव्हा मी दचकले. त्याने बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं, परत डब्याकडे. मग खिशातून कागद काढून लिहिलं, हा ओरडतोय, कधीपासून? मी म्हटलं, आत्ताच सुरू झालं. तोंडावर. त्याने पट्टी काढली, पुसली, दाबून बसवली, गवत आलं. डब्याच्या कोपऱ्याला पोचा पडलाय, त्यावरून अंगठा फिरवला, तरी काही म्हणाला नाही. त्यानंतर जे सांगायचं ते सगळं लिहूनच सांगितलं, जसं काही त्यांच्या धंद्यात असंच बोलतात. चहा या वेळी पूर्ण प्यायला. मला वाटलं, सुटले. हा जाऊन स्वतःवर घेईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात मी होते फक्त.

तुझं पत्र काल आलं. आज दुकानात गेले. पाच-सहा गिऱ्हाईकं होती. मालकाला म्हटलं, मी बहिरी आहे. डबा माझ्या हातून पडला. तो ओरडत होता आणि मी त्याला मुका ठरवला. तुमच्या माणसाने माझी लाज झाकली. किती मोठ्याने बोलले कुणास ठाऊक, रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. मालक काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, लिहून द्या. जन्मात पहिल्यांदा कुणाला असं म्हटलं. त्याने पावतीच्या पाठीवर लिहिलं, उद्यापासून परत जोडणीवर. तो कागद मी बटणांच्या डब्यात ठेवलाय. तेवढ्यात पेचकस आतून खोकं घेऊन आला, मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. खरं तर ती मी घालायची होती. तेही मला सुचलं नाही, नुसती उभी राहिले.

माझी आजी खोटं बोलत नाही, असं तू त्या मालकाला म्हणालीस. ते तेवढं त्याला फोन करून परत घे. मला ते रोज टोचतं.

रविवारी दहा वाजता गवतासमोर बसते. तू बोलू नकोस. मी बोलीन, तू ऐक. तुला काही म्हणायचं असलं तर जाड पेनाने कागदावर लिहून धर. मोठं लिही. आणि अक्षर जरा सुधार, पेचकसाचं तुझ्याहून चांगलं आहे.

आशीर्वाद इथे ठेवला आहे. लोभ उरला असेल तर तोही कागदावर लिहून दाखव.

तुझी बहिरी आजी