सीगल शिवला तं चालते काय

चि. श्रावण यास, मु. कोंढा,

तुह्या भाटव्याचा, म्हंजे बहिनीच्या नवऱ्याचा, कवडूचा, पार समुद्राच्या काठावरून आशीर्वाद. तुही, आनंदाबाईची, लेकरायची अन् गावच्या तलावाची तब्येत बरी असन. आनंदाबाईले म्हनाव गुडघ्याले तेल लावत जाय, नुसती कन्हत बसू नको. इकडची इचारशीन तं तुही भाची दामिनी बरी आहे, तिची पोरगी बरी आहे, मी दोन टाइम जेवतो. तुह्या बहिनीचं तुले मालूमच आहे.

फोन असून पत्र काहून लिवलं म्हनशीन. फोनवर बोलतो तवा दामिनी बाजूले बसून रायते अन् माह्या तोंडाकडे पाह्यते. ही गोष्ट तिच्यासमोर बोलाची नाई. वाचून झालं का चुलीत टाकजो.

पयले गाव सांगतो. गावाचं नाव माह्या जिभेवर बसत नाई, दामिनीनं तीनदा शिकवलं, मंग सोडून देल्लं. दगडाचे घरं, एक रस्ता, तो उतरत उतरत समुद्रात जाते. एक दुकान, एक चर्च, अन् एक म्हाताऱ्यायचा आश्रम, तिथंच दामिनी नर्स आहे. गावात जवान मानूस दिसत नाई. म्हातारे कुत्रे फिरवतात, कुत्रेबी म्हातारे. जेठ महिन्यात मी स्वेटर घालून बसलो आहे. समुद्राचं तं इचारूच नको, दिवसातून दोनदा उठून निघून जाते अन् दोनदा वापस येते, मंधातल्या टायमाले नुसता चिखल. आपल्या तलावानं असं केलं असतं तं गावानं त्याले कवाचा बुजवला असता. जावईबुवा मनिष त्याच समुद्रात पवनचक्क्या दुरुस्त करते, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. म्हंजे पोरगी अर्धा महिना एकटीच.

म्हनूनच आमी दोघं बाळंतपनाले आलो. तुह्या बहिनीनं डिंकाचे लाडू आनले, शेक-शेगडीचं सामान आनलं (शेगडी पेटवली तं छताले टांगलेली घंटी बोंबलाले लागली, शेजारी धावत आले), नातीले रोज चोळून आंघोळ घातली. सारं नीट केलं. अन् एका सकाळी चाय गाळता गाळता खाली बसली ते बसलीच. मी म्हनलं, काहून बसली, चाय थंडी होऊन राहिली. एवढंच बोलनं झालं आमचं शेवटचं. गाडी आली, डॉक्टर आला, काही फायदा झाला नाई.

आपल्याकडे मानूस गेलं का सांजपर्यंत सारं आटपते. इथं मयतीलेबी नंबर लागते, श्रावण. आज नाई, उद्या नाई, पुढच्या हप्त्यातबी नाई. तवरिक तिले फ्रिजमंधी ठेवलं. आता तूच सांग, जे बाई आपल्याकडे मे महिन्यातबी फ्रिजचं पानी पेत नोती, दात ठनकतात म्हने, तिले फ्रिजमंधी. मी रोज दामिनीले इचारो का तिच्यावर काही पांघरलं का नाई. दामिनी हो म्हने. मले मालूम होतं, ते खोटं बोलून राहिली.

मयतीचा सारा कारभार करनारा एक मानूस आला, काळा कोट, हळू आवाज, जसा काही ते झोपली आहे अन् उठन. पेटी कोनत्या लाकडाची पाह्यजे, फुलं कोनत्या रंगाचे, गानं कोनतं लावू. मी म्हनलं, बाबू, तिनं जन्मात कोनाले गानं लाव म्हनलं नाई. दामिनीनं त्याले इंग्रजीत वेगळंच काही सांगतलं, कारन तो माह्याकडे पाहून लय आदरानं मान हालवत होता. मंग एक दिवस नंबर लागला. एक बटन दाबलं, पडदा सरकला, झालं. लाकडं रचाचे नाई, मडकं फोडाचं नाई. मी बाहेर येऊन धूर पाह्यत उभा राहिलो. धूरबी दिसला नाई.

आता खरी गोष्ट. दहाव्याचा हिशेब कवापासून लावाचा, जीव गेला तवापासून का अग्नी देल्ला तवापासून? जीव गेला तवापासून लावला असता तं दहावा फ्रिजमंधीच येत होता. मी अग्नीपासून लावला. कोनाले इचारलं नाई. मनिषनं दाढीच्या मशीनीनं माहं टक्कल केलं, दामिनीनं भात शिजवला. इथं बासमतीच भेटते. बासमतीचा पिंड बांधून पाह्य कधी. एक दाना दुसऱ्याले ओळखत नाई. आपला जाडा तांदूळ असता तं एका मुठीत काम होतं. कसाबसा दाबून दाबून बसवला, कागदाच्या पत्रावळीवर ठेवला अन् समुद्राच्या काठावर दगडावर मांडला. बाजूले पाटी होती, तिच्यावर पक्ष्याचं चित्र अन् त्याच्यावर आडवी लाल रेघ. पाखरायले खाऊ घालू नये, दंड होईल, असं मनिष म्हनला. मी म्हनलं, हे खाऊ घालनं नाई, हा धर्म आहे. एक कुत्रेवाली म्हातारी आलीच रागवाले. दामिनीनं तिले समजावून सांगतलं. मंग ते म्हातारी टोपी काढून, कुत्र्याले बसवून, आमच्या बाजूले उभी राहिली. गेली नाई. मी तिच्याकडे पाठ करून पत्रावळ सारखी केली. वाराबी होता.

इथं कावळा आहे. एक आला, बाकावर बसला अन् आमच्याकडे पाठ केली. मी म्हनलं, तुह्या भावाच्या लेकीच्या लग्नात आहेर कमी करनार नाई. कावळा हालला नाई. म्हनलं, कपिला गाय इकनार नाई. नाई. म्हनलं, तुह्या अस्थी पवनीच्या घाटावर वैनगंगेत नेतो. कावळा पंख खाजवत होता. वारा अंगात शिरून राहिला, नात रडून राहिली, दामिनी तं थरथरत होती अन् तिच्या नजरेत एकच गोष्ट होती, ते मले कळत होती अन् मी तिकडे पाह्यत नोतो. शेवटी मलेच राहवलं नाई. बायकोचं नाव मी कधी घेतलं नाई, तवा घेतलं. म्हनलं,

"सुलोचना, राहतो मी पोरीजवळ. आता तं खाय."

अन् श्रावण, आभाळातून एक सीगल पडला. सीगल म्हंजे पांढरं पाखरू, कोंबड्याहून मोठं, पिवळी चोच, डोळा चोराचा. पिंड, पत्रावळ, सारं उचललं अन् गेला. दामिनी तिथंच खाली बसून रडाले लागली, "आईनं घेतलं, बाबा, आईनं घेतलं" म्हनत. म्हातारीबी रडाले लागली, तिले काय समजलं देव जाने.

तवापासून दामिनीनं माहं परतीचं तिकीट कपाटात टाकून देल्लं आहे. माहा व्हिसा दिवाळीपर्यंत आहे, म्हंजे दिवाळीपर्यंत बाबा इथंच, असं तिनं धरून घेतलं. यंदाची धानाची रोवनी गेली, कापनीबी गेली. मी तिले एक शब्द बोललो नाई. पन मले इथं काय काम आहे सांग. नातीले झोपवतो, खिडकीतून चिखल पाह्यतो. मले बांधावर उभं राहाचं आहे, श्रावण. मले त्या घरात जाऊन पाह्याचं आहे का ते खरंच तिथं नाई.

म्हातारपनी हुशारी सांगत नाई, पन तू आपली तब्येत सांभाळजो. तू लहान आहे, तुले बहिनीचं तोंडबी पाह्याले भेटलं नाई.

तुहा भाटवा,
कवडू

ता. क. गावात दहाव्याले सारं सांगाले जे भैयाजी बसतात, त्यायले एवढं इचारजो का सीगल शिवला तं चालते काय. माहं नाव नको घेऊ. पवनीच्या कोन्या मानसाचं आहे म्हनजो.

ता. क. दुसरं. भैयाजी चालते म्हनले तं मले कळवू नको. चालत नाई म्हनले तं फोन करजो अन् जोरानं बोलजो का पवनीच्या घाटावर फिरून दहावा करा लागन, कवडूले आलंच पाह्यजे. दामिनीले ऐकू गेलं पाह्यजे. तिच्या तोंडावर मले बोलता येत नाई.

ता. क. आखरी. वरचे दोन्ही राहू दे, भैयाजीले इचारू नको. सीगल उडाला तवा त्याच्या चोचीतून भात सांडला. दामिनी तोंड झाकून होती, मनिष तिले धरून होता. कावळा बाकावरून उतरला, आरामात चालत आला, चार दाने खाल्ले, माह्याकडे पाह्यलं अन् गेला. मी एकट्यानंच पाह्यलं. माह्या वावरात धानाचे पऱ्हे तू टाकलेच म्हने, आता रोवनीबी तूच करून घे. घराची किल्ली शेजारच्या देवकाबाईजवळ आहे. नांगराचा फाळ घेऊन जाजो, अन् रोज सांजी ओट्यावर कोनाले तरी दिवा लावाले सांगजो.