अक्का, मी जाळ्यात शिरलोय

भवानी पेठ, सोलापूर
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अक्का,
शरणु शरणार्थी.

तुझे गुडघे कसे आहेत हे पहिल्याच ओळीत विचारतो, कारण गेल्या खेपेला मी ते शेवटी विचारलं, तर तू भावजींकरवी निरोप धाडलास की गुरुलिंगला सगळं सांगून झाल्यावर बहिणीचे पाय आठवतात. तर कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली उन्हात ठेवतेस? भावजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुझी भावजय शिवलीला शेंगाची चटणी पाठवणार आहे, येणारं-जाणारं कुणी अक्कलकोटचं सापडलं की. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. अक्का, फोनवर मी शाळेचं नाव काढलं रे काढलं की तू "कुकर लावलाय" म्हणून फोन ठेवतेस. (दोन माणसांच्या घरात दिवसातून चारदा कुकर लागत नाही, एवढं गणित मला येतं.) निवृत्त होऊन तुला दीड वर्ष झालं, आता शाळा नको, खडू नको, त्याची धूळही नको, हे मी ऐकलंय. पण पत्र वाचता वाचता ठेवून देणं तुझ्या स्वभावात नाही, म्हणून ही वाट धरली. शुद्धलेखनाच्या चुका काढून पत्र परत पाठवू नकोस, एवढीच विनंती.

गोष्ट सुरू झाली जुलैत. केंद्राच्या बैठकीत एक साहेब आले होते. ते म्हणाले, एकटा शिक्षक म्हणजे डबकं, त्यानं राज्यभरातल्या शिक्षकांशी ऑनलाइन जोडून घ्यावं, विचारावं, सांगावं, स्वतःचं जाळं विणावं. आता जाळं विणा हे भवानी पेठेत येऊन सांगायचं म्हणजे धाडसच, इथं निम्मी पेठ विणूनच जगते. पण डबकं हा शब्द मला लागला. अठ्ठावीस वर्षं मी पाचवी ते सातवीला गणित शिकवतोय, आणि अठ्ठावीस वर्षांत माझ्या गणिताबद्दल मी फक्त फळ्याशी बोललोय. शिक्षकांच्या खोलीत आम्ही बोलतो ते महागाई भत्त्यावर. तर त्याच संध्याकाळी मी जाळं विणायला बसलो.

पहिला धागा असा विणला गेला की सांगायला लाज वाटते. आपला चुलतभाऊ विरेश (मिठाईच्या दुकानाचा, लग्नात तुझ्या ताटात सात जिलब्या वाढणारा तोच) यानं मला एका ग्रुपची लिंक पाठवली होती. चष्मा स्वयंपाकघरात, मी बाहेर. मी वाचलं 'पाढे – सोलापूर जिल्हा'. म्हटलं, वा, विरेशलासुद्धा माझ्या कामाची कळकळ आहे की! आत शिरलो, नमस्कार केला, आणि लिहिलं की तेराचा मुलांना फार जड जातो, कुणाकडे काही उपाय आहे का. पाच मिनिटांत उत्तर आलं की साखर कमी घाला, जड जाणार नाही. मला वाटलं, मुलांशी गोड बोलण्याबद्दल काही सूचक असावं, म्हणून मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, तेरा किलो नक्की ना, पोचवायचे कुठं? चौथ्या दिवशी चष्मा आणि ग्रुप एका वेळी डोळ्यासमोर आले, तेव्हा कळलं की तो 'पेढे – सोलापूर जिल्हा' आहे. शिवलीला दोन दिवस हसत होती. मी अजून त्या ग्रुपमध्ये आहे, माणसं चांगली आहेत.

मग शिक्षकांचे खरे ग्रुप सापडले, आणि एकदम सतरा सापडले. सकाळी सहाला फोन उघडावा तर चारशे गुलाबाची फुलं, दोनशे सुविचार आणि कुणाच्या तरी वर्गातल्या सजावटीचे फोटो. शेवटी पंधरा सोडले, दोन ठेवले. त्यातल्या एकाची दर रविवारी पडद्यावर बैठक भरते. पहिल्या बैठकीला मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो. नागपूरकडच्या एक बाई 'मुलांचं म्हणणं शांतपणे ऐकणं' या विषयावर बोलत होत्या, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "कुणाकडे बांधकाम सुरू आहे का?" बांधकाम माझ्याकडेच होतं. शिवलीला समोर खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती आणि माझा माईक सताड उघडा. मी तो बंद करायला गेलो तर कॅमेराच उलटा फिरला आणि ऐंशी शिक्षकांना चटणीचं दर्शन झालं. बैठक संपेपर्यंत अमरावती, सांगली आणि पेणच्या बाईंनी कृती विचारली होती. शिवलीलानं माझ्या खुर्चीत बसून ती सांगितली, तिखट किती, लसूण किती, मिक्सर का चालत नाही. तिचं जाळं त्या एका रविवारी विणून झालं. माझं सुरूच.

ग्रुपमध्ये एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. तिथं प्रत्येकाचा उपक्रम यशस्वी झालेला असतो. एकाही वर्गात एकही मूल चुकत नाही. मीही मागे कशाला राहू? सातवीची पोरं पाट्या वर धरून हसताहेत असा फोटो टाकला, खाली लिहिलं 'आनंददायी भागाकार'. बासष्ट अंगठे आले. मी ते शिवलीलाला दाखवले, मुख्याध्यापकांना दाखवले, इस्त्रीवाल्यालाही दाखवले. आणि त्याच संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. सहाशे बारा भागिले सहा. अडतीस पोरांपैकी बावीस जणांचं उत्तर बारा. मधलं शून्य गायब. अक्का, मी दर वर्षी लाल पेनानं ते शून्य घालत आलोय. त्या दिवशी पेन हातात घेतलं आणि मनात आलं, अठ्ठावीस वर्षं हे शून्य मीच घालतोय, पोरं घालतच नाहीत. शेजारी फोनवर बासष्टचे सत्तर झाले होते. मला त्या अंगठ्यांची शरम वाटली.

तो फोटो मी काढून टाकला आणि लिहिलं, 'मघाचा आनंद खोटा होता. माझ्या बावीस मुलांना भागाकारातलं शून्य समजत नाही, आणि मला ते समजावता येत नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली आहे. कुणी शिकवेल का?' त्या ग्रुपमध्ये दोन अधिकारीही आहेत. अर्धा तास कुणी गुलाबसुद्धा टाकला नाही. मग एक उत्तर आलं. दीक्षा रणदिवे म्हणून एक बाई, कुर्डुवाडीजवळच्या खेड्यातल्या शाळेत, नोकरीला अवघी तीन वर्षं. (म्हणजे मी शिकवायला लागलो तेव्हा ही बालवाडीतही नसावी.) तिनं लिहिलं, "सर, माझ्याकडं पण असंच होतं. वही बंद करा, आधी वस्तू वाटायला सांगा. आणि वाटायच्या आधी अंदाज विचारा." तिच्यामागोमाग आणखी नऊ जणांनी कबूल केलं की त्यांच्याही वर्गात शून्य गळतं. आपल्याला एवढे सोबती होते आणि पत्ता नव्हता, याचं मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, आपल्याकडे सहाशे बारा टॉवेल आहेत, सहा दुकानदारांना सारखे वाटायचेत. (टॉवेल कसले, कागदाच्या चिठ्ठ्या. शंभराचा गठ्ठा, दहाची गड्डी, सुटे.) वहीप्रमाणे बारा-बारा देऊन टाका म्हटलं. प्रतीक्षा नावाची एक मुलगी आहे, आई टॉवेलांच्या कडा शिवते, पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती उभी राहिली. "सर, बारा-बारा दिले तर बहात्तरच गेले की. बाकीचे पाचशे चाळीस कुटं गेले? तुमी घरी नेले का?" अख्खा वर्ग माझ्याकडे चोर म्हणून बघायला लागला. मग तीच पुढे आली. प्रत्येकाला शंभराचा एकेक गठ्ठा दिला. उरले बारा. त्यात दहाची गड्डी एकच, सहा जणांत ती कशी वाटणार? "गड्डी कुणालाच न्हाय," असं म्हणून तिनं ती मोकळी करून सुट्यांत मिसळली आणि सगळ्यांना दोन-दोन सुटे दिले. मी विचारलं, गड्डी कुणालाच नाही हे लिहायचं कसं? माझ्याकडे असं पाहिलं तिनं, की सरांना एवढंही येत नाही का, आणि फळ्यावर एक आणि दोनच्या मध्ये हे एवढं मोठं शून्य काढलं. आता बावीसचे पाच राहिलेत. त्या पाचांशी झटापट चालू आहे.

हे मी ग्रुपवर जसंच्या तसं लिहिलं, चोर ठरल्यासकट. तेव्हापासून तिथली हवाच पालटली. लोक अडलेलं लिहू लागले. गेल्या महिन्यात दीक्षानंच लिहिलं की तिच्या पहिलीत महादेवी नावाची पोर आली आहे, आईबाप कलबुर्गीकडचे, वीटभट्टीवर कामाला. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि पोर महिनाभर एक शब्द बोललेली नाही. शेजारचे म्हणतात मुकी असेल, दुसऱ्या शाळेत पाठवा. काय करू? मी लिहिलं, तू तिला मराठी शिकवू नकोस, तू तिच्याकडून कन्नड शिक, आणि मुद्दाम चुकीचं शिक. मांजराचं चित्र धर आणि कुत्र्याचा शब्द म्हण. दीक्षानं चार दिवस मांजराला 'नायी' म्हटलं. पाचव्या दिवशी तिनं वर्गातला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधी दीक्षाचं 'नायी', मग एक बारीक, चिडलेला आवाज, "बेक्कु! बेक्कु!", आणि मग सगळ्या वर्गाचं हसणं. मी तो शिक्षकांच्या खोलीत ऐकला आणि चष्मा पुसायचं निमित्त करून खिडकीशी गेलो. दीक्षानं आता भिंतीवर दोन्ही भाषांतले शब्द लावलेत, आणि महादेवी बाईंना रोज पाच शब्द शिकवते, चुकल्या की रागावते.

एकूण बरं चाललंय. भावजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा,
गुरुलिंग

ता. क. – मुद्दाम चुकायची युक्ती कुणाची, हे तुला वाचतानाच कळलं असणार. तीस वर्षं तू सीमेवरच्या कन्नड पोरांना अशीच बोलती केलीस. मी ग्रुपवर लिहिताना 'माझ्या अनुभवानुसार' असं लिहिलं. रागावू नकोस. घाईत होतो.

ता. क. २ – आता गोची अशी की त्यांनी मला भाषातज्ज्ञ ठरवलंय. येत्या एकवीस तारखेला, रविवारी अकरा वाजता, दोनशे शिक्षकांसमोर मी तासभर बोलायचं आहे. माझं कन्नड जेवलात का विचारणाऱ्या 'ऊटा आयता'च्या पुढं जात नाही हे तू जाणतेस. मांजर आणि कुत्रं झाल्यावर उरलेली पंचावन्न मिनिटं मी काय करू? तर तू माझ्या शेजारी बसून हळूच सांगायचंस, एवढ्यासाठी हे सगळं पत्र. शनिवारी मुक्कामालाच ये.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायच्या आधी राहवलं नाही, ग्रुपवर खरं लिहून टाकलं, की ही सगळी विद्या माझ्या अक्काची. वाटलं, आता शिव्या पडणार. पण दीक्षानं लिहिलं, "मग सर, तुमी कशाला? अक्कांचाच नंबर द्या की." त्याखाली एकशे नव्वद अंगठे आले. नंबर दिलाय. फोन आला तर कुकर लावू नकोस.