पुढच्या महिन्यातल्या सह्या

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

राजीनामा दिला. नोटिशीचे अकरा दिवस उरलेत. तुम्ही म्हणायचात तसं, हत्यारं पुसून, काम नीट सोपवूनच निघणार आहे. बॉयलरचं सगळं तपासणीच्या वहीत लिहून दिलंय. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो, हे तर लाल शाईने, तिसऱ्यांदा.

काल मॅनेजरने चहाला बोलावलं. तीच वही पुढे सरकवून म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या सह्या आत्ताच करून टाक. नवीन माणसाला उगाच ताप नको." मी हसण्यावारी नेलं.

आज वही उघडली, तर पुढच्या महिन्याच्या प्रत्येक तारखेपुढे 'सर्व ठीक' आणि खाली माझी सही. हुबेहूब. लाल शाईचं पान फाडलेलं.

माझ्या जागी आलेला माणूस भला आहे, तुमच्यासारखाच काम करताना गुणगुणतो. त्याला व्हॉल्व्हचं बजावून सांगितलं. तो म्हणाला, "साहेब म्हणालेच होते, जाणारा माणूस असंच बोलतो."

तुम्ही काळजी करू नका. फक्त हे पत्र पाकिटासकट जपून ठेवा, शिक्क्यावरची तारीख पुसू देऊ नका. आईला एवढ्यात काही सांगू नका.

आणि खालची सही नीट पाहून ठेवा. ही मी केलेली आहे.

तुमचा धाकटा