अर्धं वाक्य

प्रिय भिवा,

हे पत्र आमच्या ऑफिसातल्या मिथुनच्या हाती देतोय. तो शुक्रवारी निघणार आहे, कुडाळला पोचला की तुझ्या घरी आणून देईल. खरं तर फोनच करायचा होता. गेल्या आठवड्यात तीनदा केला. तिन्ही वेळा तू "काय वकीलसाहेब!" म्हणालास आणि मी आंब्याचा मोहोर, तुझं पाठीचं दुखणं असं काहीबाही विचारून ठेवून दिला. व्हॉट्सॲपवर लिहिता आलं असतं, पण तिथलं मागाहून पुसता येतं. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही, म्हणून कागद घेतला. एक विनंती आहे. हे तू एकट्याने वाच. चष्मा शोधायला वेळ लागला तरी चालेल, पण लेकीला, कावेरीला वाचून दाखवायला सांगू नकोस.

आमचं ठीक आहे. अजून शारजात, अल मजाजलाच राहतो. डॉली नोकरी आणि चर्चचा क्वायर दोन्ही सांभाळते. जोआना चौदा वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघंही हिंदीत करतो. तुझी आमसुलं मिळाली. दरवर्षीप्रमाणे पिशवीवर मार्करने लिहिलं होतंस, 'वकीलसाहेबांस'. डॉली दरवर्षी विचारते, तू कधी रे वकील झालास? मी दरवर्षी सांगतो, भिवाची मस्करी आहे. यंदा जोआनाने विचारलं, "व्हॉट केस डिड यू विन, डॅडी?" मी पिशवी फ्रीजवर ठेवली आणि खाली गाडी पुसायला गेलो.

ती केस कुठली ते तुला माहीत आहे. अकरा वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याचं ते उत्खनन, पत्र्याच्या केबिनमधले आपले शेजारी शेजारी पलंग, आणि तुझी ती सवय. खापर हातात आलं की वास घ्यायचा, नखाने टिचकी मारून ऐकायचं, मग सांगायचं की भट्टी कमी तापली होती की जास्त. बाकीचे कामगार माती उपसायचे, तू मातीशी बोलायचास. कुडाळच्या कुंभाराचा पोरगा वाळवंटात येऊन दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांच्या चुका काढतो, याचं डॉक्टर रुकय्याबाईंनासुद्धा कौतुक होतं. एवढ्या मोठ्या बाई, खात्याच्या प्रमुख, पण तुझ्या खड्ड्याशी येऊन उकिडव्या बसायच्या आणि मला विचारायच्या, "काय म्हणतोय हा?" मी भाषांतर करायचो. माझं खरं काम नोंदी आणि फोटो, पण तुझ्या तोंडातलं बाईंच्या कानापर्यंत नेणारा मी एकटाच होतो.

तुला आठवतं, ग्रीक लोकांबद्दल मी किती बढाया मारायचो? बाबांनी लहानपणी चर्चमधल्या मिस्साची लॅटिन पाठ करून घेतली होती, ग्रीक अक्षरं मी पुस्तकातून शिकलो होतो, आणि तेवढ्यावर स्वतःला पंडित समजत होतो. आमच्या वसईशेजारचं सोपारा त्या ग्रीक खलाशांना ठाऊक होतं, असं मी तुला ऐकवायचो. तू म्हणायचास, मग आमच्याच कोणीतरी त्यांना मडकी विकली असतील, आणि पैसे बुडवून गेले असतील मेले. ऱ्होड्स बेटावरच्या दारूच्या उंच बुधल्यांबद्दल मीच तुला सांगितलं होतं. त्यांच्या धरायच्या एका कानावर बनवणाऱ्याच्या नावाचा शिक्का, दुसऱ्यावर त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचं नाव. हमरिया बंदरात सहा वर्षं मी कंटेनरवरचे मार्क तपासत होतो, त्यामुळे मला ते लगेच पटलं होतं. माल कुठेही जाऊ दे, कोणाचा आहे ते कळलं पाहिजे. तू मात्र वेगळंच म्हणालास. आमच्या आज्याने जन्मभर मडकी घडवली, पण एकावर नाव नाही घातलं. हे लोक नशीबवान.

मग त्या गुरुवारी तुझ्याच खड्ड्यात तसा एक कान निघाला. शिक्क्यावर मातीचा थर होता, अक्षरं नुसती जाणवत होती. तू कानाच्या बुडाशी आपला अंगठा टेकवलास, तो त्या जुन्या कुंभाराच्या अंगठ्याच्या खळगीत बरोबर बसला, आणि तू हसलास. बाई त्या दिवशी शारजाला मीटिंगला गेल्या होत्या. नियम आपल्याला पाठ होता. आधी फोटो, मग कोरडा ब्रश, पाणी अजिबात नाही. पण मला बाई येण्याआधी ते नाव वाचायचं होतं. फोन करून सांगायचं होतं, मी वाचलं. मी म्हणालो, "यल्ला भिवा, बादलीत बुडवून काढ." तू म्हणालास, नको, या मातीने मीठ खाल्लंय, भिजवून वाळवली की सोलून निघेल. त्यावर मी काय बोललो ते तू विसरला असशील, मी नाही. मी म्हणालो, "तू कुंभार आहेस ना? मग मडकी बघ. वाचायचं काम माझं."

तू बुडवलास. अक्षरं वर आली. पहिली चार ग्रीक अक्षरं मी जोडून वाचली, 'निका'. पुढची वाचायला चष्मा पुसला, तेवढ्यात बाहेरून हाक आली म्हणून कान पत्र्यावर उन्हात ठेवून गेलो. फोटो काढला नाही, वाळल्यावर काढू म्हटलं. दुपारी येऊन पाहिलं तर वर पांढरं मीठ फुललं होतं आणि शिक्क्याचा उजवा अर्धा भाग पापुद्र्यासारखा सुटून पत्र्यावर पडला होता. बोट लावलं तर पीठ झालं. बावीसशे वर्षं टिकलेलं एका माणसाचं नाव आपल्या बादलीत अर्धं संपलं.

बाई आल्या. त्यांनी तुला विचारलं, हे कोणी करायला सांगितलं? मी विचारलं तुला, मराठीत. घाबरलास की तू मालवणीत जायचास. तू म्हणालास, "मी ह्याका सांगललंय, माती खारी आसा, पाणी लावू नको. पण हात माझो लागलो, चूक माझीच." बाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी इंग्रजीत म्हणालो, हा म्हणतोय की चूक माझीच.

एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही मी, भिवा. नुसतं पुढचं अर्धं सांगितलं, आधीचं अर्धं गिळलं. ठेकेदाराने तुला त्याच आठवड्यात पाइपलाइनच्या कामावर धाडलं, आणि पुढच्या वर्षी तुझा व्हिसा वाढवला नाही. बसमध्ये चढताना तू माझा हात धरून म्हणालास, "तू होतंस म्हणान माझी बाजू बाईंक कळली." तेव्हापासून मी तुझा वकील. मी इथेच राहिलो, नोंदींचा मुख्य झालो, आणि तुझी आमसुलं खात राहिलो.

आता हे का लिहितोय ते सांगतो. गेल्या आठवड्यात मंगळवारी कावेरीचा मेल आला. ती पुरातत्त्व शिकतेय हे तू अभिमानाने सांगितलं होतंस, पण तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आपल्या उत्खननाचा अहवाल असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी काम केलेली जागा म्हणून तिने तो काढला. चारशे पानांत कामगाराचं नाव एकदाच आहे, एका तळटीपेत : 'शिक्क्याचा उर्वरित भाग कामगार भिवा याने परवानगीशिवाय धुतल्याने नष्ट.' ती टीप मीच टाइप केली होती. तिने लिहिलंय, "काका, बाबा म्हणतात तुम्ही बाईंना सगळं नीट सांगितलं होतं. मग असं का छापलंय? मी त्यांना अजून दाखवलेलं नाही." आज सकाळी तुझं वाक्य, पहिल्या शब्दापासून, इंग्रजीत करून रुकय्याबाईंना पाठवलं आणि खाली लिहिलं की पाण्यात घालायला मी सांगितलं होतं. उत्तर आलेलं नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्याकडे माफी मागायचंही धाडस नाही. वर मी लिहिलंय की कावेरीला वाचायला सांगू नकोस. ते खोडत नाही, माझा भित्रेपणा तिलाही दिसू दे. पण आता हे पत्र तिच्या हातात दे, आणि तिला मोठ्याने वाचायला सांग. तुझं पूर्ण वाक्य तुझ्या घरात एकदा ऐकू आलं पाहिजे.

तुझाच, पण वकील नव्हे,
जोकिम